श्वसनविकाराच्या रुग्णांची शुश्रूषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका व परिचारक, नर्सिंगचे विद्यार्थी आणि दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा जुनाट आजार), न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या अन्य जुनाट आजाराच्या रुग्णाला घरी सांभाळणारे नातेवाईक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधाची निवड आणि मात्रा हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा प्रांत आहे. त्यामुळे औषधांविषयी जेवढे शुश्रूषेच्या अंगाने सांगणे आवश्यक आहे, तेवढेच सांगितले आहे.

धाप लागलेल्या रुग्णाजवळ गेल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

यंत्राकडे वळण्याआधी रुग्णाकडे पाहावे. खोलीच्या दारातूनच बरेच काही कळते. रुग्ण आडवा पडून आहे, की हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसला आहे? प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जात आहे का? नाकपुड्या फुलत आहेत का? नाव आणि त्रास विचारला असता तो एक संपूर्ण वाक्य एका दमात बोलू शकतो, की दोन-तीन शब्दांनंतर थांबतो? यांतील शेवटची खूण कोणत्याही उपकरणाशिवाय मिळते, आणि पुढच्या पाळीच्या सहकाऱ्याला सांगायलाही ती सोपी असते.

ओठ आणि जीभ निळसर पडणे ही उशिरा दिसणारी खूण आहे. रक्तक्षय असलेल्या रुग्णात ती दिसेलच असे नाही. वर्ण सावळा असेल तर जिभेचा आणि पापणीच्या आतल्या बाजूचा रंग पाहावा. नखे मात्र नुसत्या गारठ्यानेही निळी पडतात. निळेपणाच्या बऱ्याच आधी रुग्ण बेचैन होतो, चिडचिड करतो, मास्क ओढून काढतो, असंबद्ध बोलू लागतो. अशा रुग्णाच्या नावापुढे ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडत नाही ना, किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत नाही ना, हे तपासलेच पाहिजे.

दम्याच्या तीव्र झटक्यात आणखी एक चकवा असतो. छातीतली घरघर अचानक थांबली, रुग्ण शांत आणि पेंगुळलेला दिसू लागला, तर नातेवाइकांना हायसे वाटते. प्रत्यक्षात आवाज होण्याएवढी हवाही आत-बाहेर होत नसल्याने छाती गप्प झालेली असू शकते. तो क्षण आणीबाणीचा आहे.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायलाच हवेत का?

होय. प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतली श्वासगती मिनिटाला साधारण १२ ते २० असते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि १८ व २२ यांतला फरक नेमका त्या चुकीत बुडून जातो. शिवाय आजारी माणसाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच तो थबकतो, मध्येच वेगाने चालतो.

श्वास मोजत आहोत हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते. म्हणून नाडी पाहून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवावे आणि नजर छातीकडे वळवावी. पांघरूण जाड असेल तर ते थोडे बाजूला करावे, किंवा रुग्णाचाच हात त्याच्या पोटावर ठेवून हाताची हालचाल मोजावी.

प्रकृती बिघडू लागल्याची सर्वांत लवकर मिळणारी सूचना बहुधा श्वासगतीच देते, आणि तक्त्यावर सर्वांत निष्काळजीपणे भरला जाणारा रकानाही तोच असतो. शिकाऊ असताना मी स्वतः एका रात्रीच्या पाळीत ओळीने सहा रुग्णांच्या नावापुढे ‘२०’ लिहिले होते. वरिष्ठ सिस्टरांनी काही न बोलता मला घड्याळ दिले आणि खाट क्रमांक चारजवळ उभे केले. मोजून आकडा आला ३२. त्या रुग्णाला पहाटेपूर्वी अतिदक्षता विभागात हलवावे लागले.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या पूर्वसूचना गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक, तसेच ८ किंवा कमी श्वास असल्यास त्या एकाच निकषाला सर्वाधिक म्हणजे ३ गुण दिले जातात. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा वेगळ्या आहेत. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. मूल रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा ग्राह्य धरू नये.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे उपकरण) ९६ टक्के दाखवत असेल, तर निर्धास्त राहावे का?

आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला, यावर ते अवलंबून आहे. साध्या हवेत ९६ असणे आणि मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजनवर ९६ असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. म्हणून ऑक्सिजन कशातून व किती लिटर चालू आहे, हे शेजारी लिहिल्याशिवाय ऑक्सिमीटरची नोंद पूर्ण होत नाही.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वावर हे उपकरण उभे केले, ते नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशशोषणाचे आहे. म्हणून बोटाला रक्तपुरवठाच कमी असेल, हात गार असतील किंवा थरथरत असतील, तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. उपकरणावरचा नाडीचा वेग आणि मनगटावर मोजलेली नाडी जुळत नसेल, तर ते वाचन सोडून द्यावे. नखांवरचा गडद रंग काढावा. हात चोळून ऊब आणावी आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असला, तरी साधा ऑक्सिमीटर समाधानकारक आकडाच दाखवतो. गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळली होती.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्बन डायऑक्साइडविषयी हे उपकरण काहीच सांगत नाही. ऑक्सिजन चालू असलेला रुग्ण ९६ टक्के दाखवत असतानाच हळूहळू गुंगीत जात असू शकतो.

ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, असे का समजू नये?

कारण ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. बहुतेक तीव्र आजारी प्रौढांसाठी ९४ ते ९८ टक्के, आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे अशांसाठी ८८ ते ९२ टक्के, हे उद्दिष्ट सर्वत्र वापरले जाते. दुसऱ्या गटात सीओपीडीचे बरेच रुग्ण येतात. त्याखेरीज अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ झालेले, पाठीचा कणा फार वाकलेला असलेले आणि श्वसनाचे स्नायू दुबळे झालेले रुग्णही येतात. रुग्ण कोणत्या गटात आहे हे डॉक्टरांकडून विचारून घेऊन उद्दिष्ट तक्त्यावर ठळक लिहून ठेवावे.

सीओपीडीच्या रुग्णाला जादा ऑक्सिजन दिल्यास ‘श्वास घेण्याची प्रेरणा जाते’ एवढेच स्पष्टीकरण अनेकदा शिकवले जाते. ते अपुरे आहे. फुप्फुसाचा जो भाग नीट हवा घेत नाही, तेथील रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. जादा ऑक्सिजनमुळे हे आकसणे सैल पडते आणि रक्त पुन्हा निकामी भागातून वाहू लागते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेते. या तिन्ही कारणांनी रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. रुग्ण सकाळी डोके दुखत असल्याचे सांगतो, त्याचे तळहात गरम लागतात, पसरलेले हात फडफडतात आणि पुढे त्याला जाग येईनाशी होते. हे केवळ पुस्तकी भय नाही. टास्मानियातील रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरसकट भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते, तर उद्दिष्ट ठरवून मोजका ऑक्सिजन मिळालेल्यांत ४ टक्के.

याचा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. सीओपीडीच्या रुग्णाचा आकडा ७८ असताना ‘याला ऑक्सिजन चालत नाही’ म्हणून हात आखडता घेणे ही तितकीच गंभीर चूक आहे. ऑक्सिजनच्या अभावाने माणूस काही मिनिटांत दगावतो. आधी तो अभाव भरून काढावा, आकडा उद्दिष्टात आला की प्रवाह कमी करावा, आणि धमनीतील रक्ताची तपासणी लवकर व्हावी यासाठी पाठपुरावा करावा.

नाकातील नळी, साधा मास्क, पिशवीचा मास्क आणि व्हेंचुरी मास्क यांत फरक काय?

साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकाच्या नळीने मिनिटाला १ ते ६ लिटर देता येतो आणि त्यातून अंदाजे २४ ते ४४ टक्के मिळतो. अंदाजे म्हणण्याचे कारण असे, की रुग्ण जोरजोरात श्वास घेत असेल तर बाहेरची हवा अधिक मिसळते आणि प्रमाण घटते. तरीही ज्याला ही नळी पुरते, त्याला तीच द्यावी. तिच्यासह बोलता येते, जेवता येते, आणि रुग्ण ती काढून टाकत नाही.

साध्या मास्कला मिनिटाला किमान ५ लिटर प्रवाह हवा. त्याहून कमी ठेवल्यास बाहेर सोडलेली हवा मास्कमध्येच साचते आणि रुग्ण तीच पुन्हा आत घेतो. नळी सोसत नाही म्हणून मास्क लावायचा आणि प्रवाह मात्र दोन लिटरवरच ठेवायचा, ही चूक वॉर्डात आजही दिसते. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात. तो लावण्यापूर्वी झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण फुगवून घ्यावी, आणि श्वास आत घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह वाढवावा.

ब्रिटिश वैद्यक मोरान कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडलेल्या व्हेंचुरी मास्कमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ निश्चित ठेवता येते, म्हणून सीओपीडीत तो उपयोगी पडतो. त्याच्या सोंगट्या, म्हणजे मास्कला जोडायचे तुकडे, रंगांनी ओळखल्या जातात. निळी २४, पांढरी २८, पिवळी ३५, लाल ४० आणि हिरवी ६० टक्के, असे रंग बऱ्याच ठिकाणी असतात. परंतु उत्पादकागणिक ते बदलू शकतात, म्हणून सोंगटीवर छापलेले प्रमाण आणि प्रवाहाचा आकडाच वाचावा. सोंगटीच्या खिडक्या पांघरुणाने झाकल्या गेल्या तर मोजमाप बिघडते.

ऑक्सिजनने नाक कोरडे पडते. व्हॅसलीन लावावे का?

लावू नये. शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट व खनिज तेलापासून बनलेले पदार्थ सहज पेट घेतात. पाण्यावर आधारित मलम वापरावे. हाताला तेल किंवा मलम लागलेले असताना सिलिंडरची चावी व रेग्युलेटर हाताळू नये. खोलीत विडी-सिगारेट, निरांजन, उदबत्ती, स्टोव्ह यांपैकी काहीही पेटवू नये. ऑक्सिजन बंद केल्यानंतरही काही काळ तो कपड्यांत आणि अंथरुणात मुरलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. बुडबुड्यांच्या बाटलीत निर्जंतुक किंवा ऊर्ध्वपातित पाणी खुणेपर्यंत भरावे आणि ते रोज बदलावे. कमी झालेल्या पाण्यात वरून भर घालू नये. नळी कानांमागे जेथे घासते, तेथील त्वचा प्रत्येक पाळीत पाहावी.

रुग्णाला कसे बसवावे किंवा निजवावे?

धाप लागलेल्या माणसाला आडवे करण्याचा आग्रह कधीही धरू नये. त्याला ताठ बसवून समोर उशी ठेवलेला टेबल द्यावा आणि त्यावर हात टेकू द्यावेत. हात टेकल्याने खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. खाटेवरून खाली घसरलेला रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेली असूनही पोटात दुमडलेला असतो आणि त्याचा छाती व पोट यांमधला पडदा वर दाबला जातो; त्याला आधी वर सरकवावे.

न्यूमोनिया एकाच बाजूला असेल तर सामान्यतः चांगले फुप्फुस खालच्या बाजूला येईल अशा कुशीवर निजवल्यास ऑक्सिजन सुधारतो, कारण रक्त खालच्या बाजूला जास्त वाहते. थुंकीतून रक्त जात असेल किंवा फुप्फुसात गळू असेल, तर मात्र उलट करावे. नाहीतर रक्त किंवा पू चांगल्या बाजूत उतरतो. तान्ह्या बाळांना हा नियम लागू पडत नाही.

व्हेंटिलेटरवरील तीव्र एआरडीएसच्या (दोन्ही फुप्फुसे सुजून ऑक्सिजन एकदम घटवणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना दिवसातून किमान सोळा तास पालथे ठेवल्याने फायदा होतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीने दाखवले. त्यात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. ते काम चार-पाच जणांचे आहे. एकाने फक्त नळीवर हात ठेवून डोक्याशी उभे राहायचे आणि वळवण्याचा इशाराही त्यानेच द्यायचा. डोळे, कपाळ, हनुवटी, छाती आणि गुडघे यांवरचा दाब ठरलेल्या वेळी तपासावा.

कफ सुटत नाही. काय करता येईल?

डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल तर भरपूर पाणी द्यावे. कफ पातळ करण्याची इतर साधने त्यानंतरची आहेत. जोरजोरात खोकून दमण्यापेक्षा ‘हफ’ करायला शिकवावे. मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तशी हवा ‘हा’ असा आवाज करीत बाहेर ढकलायची. दोनदा केल्यावर थोडा वेळ शांत श्वास घ्यायचा आणि कफ वर आला की एकदाच खोकायचे. पोटावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने घडी केलेली उशी जखमेवर धरून खोकावे. वेदनाशामकाची मात्रा या व्यायामाच्या आधी पोचली तरच तो होतो. दुखत असताना कोणीही खोल श्वास घेत नाही.

कफाचा रंग, प्रमाण आणि वास नोंदवावा. गंजासारखा, हिरवट, रक्ताच्या रेषा असलेला, किंवा गुलाबी फेसाळ, असे नेमके शब्द वापरावेत. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी उतरल्याची शक्यता असते, तेव्हा वाट पाहू नये. तपासणीसाठीचा नमुना सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून घ्यावा. डबीत लाळ आली तर प्रयोगशाळा तो परत पाठवते आणि एक दिवस वाया जातो.

सक्शन दर दोन तासांनी करावे का?

सक्शन म्हणजे श्वासाच्या नळीतला कफ बारीक नळीने (कॅथेटरने) ओढून काढणे. ते घड्याळ पाहून करू नये, गरज पाहून करावे. नळीत खळखळ ऐकू येणे, कफ दिसणे, व्हेंटिलेटरवरचा दाब वाढणे, ऑक्सिजन घसरणे ही गरजेची लक्षणे होत. सक्शनमुळे श्वासनलिकेचे अस्तर खरचटते, ऑक्सिजन खाली येतो आणि क्वचित नाडी एकदम मंदावते. म्हणून विनाकारण केलेले सक्शन हा उपचार ठरत नाही.

आधी अर्धा ते एक मिनिट वाढीव ऑक्सिजन द्यावा. कॅथेटरची जाडी नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून कमी असावी. प्रौढांत ओढीचा दाब साधारण ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याएवढा ठेवावा आणि १५० च्या वर नेऊ नये. कॅथेटर आत जाताना ओढ सुरू करू नये; फक्त बाहेर काढताना करावी, आणि हे सारे दहा ते पंधरा सेकंदांत आटपावे. स्वतःचा श्वास रोखून धरावा, म्हणजे रुग्णाला किती वेळ झाला हे आपल्यालाच जाणवते, असा एक जुना धडा आहे आणि तो अजूनही उत्तम आहे. कफ पातळ व्हावा म्हणून दर वेळी नळीत सलाइन सोडण्याची सवय मात्र सोडून द्यावी. त्याने फायदा होत असल्याचे दिसलेले नाही आणि ऑक्सिजन घसरतो.

इनहेलर नियमित घेऊनही दम कमी होत नाही. असे का?

औषध बदलण्याची मागणी करण्यापूर्वी रुग्णाला आपल्यासमोर इनहेलर घ्यायला सांगावे. फवारा जिभेवर बसत असतो, किंवा डबा कधीच रिकामा झालेला असतो, असे पुष्कळदा आढळते. फवाऱ्याचा इनहेलर हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, दाबताच सावकाश तीन ते पाच सेकंद श्वास आत घ्यावा आणि जमल्यास दहा सेकंद रोखावा. दुसरा फवारा अर्ध्या ते एक मिनिटाने घ्यावा. स्पेसर (इनहेलर व तोंड यांमधली पोकळ नळी) लावल्यास दाबणे आणि ओढणे यांची वेळ साधण्याची कटकट उरत नाही, म्हणून तो फक्त मुलांसाठी आहे असे समजू नये. पावडरच्या इनहेलरची रीत अगदी उलटी आहे: श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो आणि उपकरणात फुंकर मारायची नसते, कारण ओलाव्याने पावडर गोळा होते. दोन्ही प्रकार एकाच रुग्णाकडे असतील तर गोंधळ होणारच. त्याचे प्रात्यक्षिक पुन्हा पुन्हा घ्यावे.

स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. तसे न केल्यास तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारे यंत्र) देताना काय सांभाळावे?

रुग्णाला बसते करावे, औषधाचा कप उभा धरावा आणि प्रवाह मिनिटाला ६ ते ८ लिटर ठेवावा. औषध बहुधा पाच ते दहा मिनिटांत संपते. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णाला नेब्युलायझर ऑक्सिजनवर न चालवता हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवावा आणि गरजेपुरता ऑक्सिजन नाकाच्या नळीने चालू ठेवावा. साल्ब्युटामॉल या श्वासमार्ग रुंदावणाऱ्या औषधानंतर हात थरथरणे आणि धडधड होणे अपेक्षित आहे. रुग्णाला ते आधीच सांगितले तर तो घाबरत नाही. कप व मास्क प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवावेत.

ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे) असलेल्या रुग्णाची नळी अचानक बंद पडली तर?

आधी एक शब्दाचा घोळ मिटवून घेऊ. नळीवरच्या फुग्यालाही बोलीत ‘कफ’ म्हणतात आणि बेडक्यालाही. ‘कफ काढला’ या नोंदीचे दोन अर्थ होतात आणि त्यांतला एक जिवावर बेतू शकतो. म्हणून नोंदीत ‘फुगा’ आणि ‘बेडका’ असेच लिहावे.

नळी बंद पडल्याची शंका येताच मदतीसाठी हाक मारावी आणि चेहरा व गळ्याचे छिद्र अशा दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन लावावा. आतली नळी काढावी. बहुतेक वेळा अडथळा तिच्यातच असतो. मग सक्शन कॅथेटर सरकवून पाहावा. तो जात नसेल तर फुगा रिकामा करावा, म्हणजे रुग्णाला नळीच्या बाजूने श्वास घेता येईल. तरीही सुधारणा नसेल, तर नळीच काढावी लागते, आणि तेथे प्रशिक्षित हात असणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मार्ग पक्का झालेला नसल्याने नळी निघणे विशेष धोक्याचे असते. म्हणूनच उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या, सक्शन आणि अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कायम तयार असावी. ज्यांचे स्वरयंत्र पूर्ण काढलेले आहे, त्यांना नाकातोंडातून श्वास घेता येत नाही. त्यांच्या खाटेवर तशी ठळक पाटी हवी.

फुग्यातील दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याएवढा असावा. बोटाने चेपून अंदाज घेणे फसवे असते, दाबमापकच वापरावा. पट्टी बदलताना दोघांनी मिळून बदलावी आणि नव्या पट्टीखाली एक बोट सहज जाईल एवढी ती सैल असावी. रुग्णाला बोलता येत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे दुःख असते. पाटी-पेन आणि घंटी त्याच्या हाताच्या अंतरात ठेवावी.

छातीत घातलेल्या नळीची बाटली हलवताना चिमटा लावावा का?

सामान्यतः लावू नये. बाटलीत बुडबुडे येत असताना चिमटा लावला, तर छातीत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबले जाऊ शकते. बाटली फक्त छातीच्या पातळीखाली आणि उभी ठेवावी. नळीचे टोक पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर बुडालेले असावे आणि श्वासाबरोबर पाण्याची पातळी वर-खाली होत असावी. ही हालचाल थांबली, तर नळी दुमडली आहे का किंवा गुठळीने बंद झाली आहे का, हे पाहावे. फुप्फुस पूर्ण फुलले तरी ती थांबते. नळी पिळून गुठळी पुढे ढकलू नये. त्याने छातीत अनावश्यक ओढ निर्माण होते.

जोड निसटला तर नळीचे टोक निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत बुडवावे. नळीच बाहेर आली, तर जखम ताबडतोब झाकून डॉक्टरांना बोलवावे. एकाच वेळी एक ते दीड लिटरहून अधिक द्रव भराभर निघू देऊ नये. दबलेले फुप्फुस एकदम फुलल्याने त्यात पाणी उतरू शकते. रुग्णाला मध्येच खोकल्याची उबळ आणि छातीत घट्टपणा जाणवू लागला, तर तो इशारा समजावा.

व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की प्रथम काय करावे?

रुग्णाची छाती हलते आहे का, ते पाहावे. अलार्म गप्प करण्याचे बटण त्यानंतर दाबावे. रुग्ण खालावत असेल आणि कारण लगेच सापडत नसेल, तर व्हेंटिलेटर काढून अम्बू बॅगने श्वास द्यावा. हाताने श्वास देताना सुधारणा झाली, तर दोष यंत्रात किंवा जोडणीत आहे. नसेल, तर नळी सरकली आहे का, तुंबली आहे का, किंवा छातीत हवा साचली आहे का, याचा क्रमाने शोध घ्यावा.

न्यूमोनिया टाळण्यासाठी डोक्याची बाजू ३० ते ४५ अंशांवर ठेवणे, दात ब्रशने घासणे, गुंगीचे औषध शक्य तितके हलके ठेवणे आणि रोज ‘आज नळी काढता येईल का’ हा प्रश्न विचारणे, यांचा उपयोग होतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड धुणे पूर्वी सरसकट सांगितले जात असे. आता काही प्रमुख मार्गदर्शक सूचनांतून ते वगळले आहे.

क्षयरोगाच्या रुग्णाजवळ कोणी कोणता मास्क लावावा?

रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावावा, कारण त्याचे काम थेंब बाहेर पडू न देणे हे आहे. परिचारिकेने चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लावावा, कारण क्षयाचे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगतात. मास्कच्या कडेने हवा निसटत असेल, तर त्याचा उपयोग नाही. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. सक्शन करताना डोळ्यांवर चष्माही असावा.

घरी ऑक्सिजन किती तास द्यावा, आणि सिलिंडर किती वेळ पुरेल?

सीओपीडीत रक्तातील ऑक्सिजन सतत फार कमी असलेल्यांना तो दिवसाचे किमान १५ तास द्यावा लागतो, तेव्हाच आयुर्मानात फरक पडतो. ‘दम लागला की थोडा वेळ’ अशा पद्धतीने त्यांना तो लाभ मिळत नाही.

सिलिंडरचा हिशेब सोपा आहे. १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास पुरतो. दाब पूर्णाच्या एक तृतीयांश उरला असेल तर आत सुमारे ५०० लिटर आहेत; २ लिटरने ते २५० मिनिटे चालतील. काटा एक चतुर्थांशावर येण्याआधी दुसरा सिलिंडर जोडण्यास तयार ठेवावा. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) विजेवर चालत असल्याने वीज गेल्यावरची सोय आधीच करून ठेवावी आणि त्याचा धुळीचा फिल्टर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे धुवावा. प्रवाह रुग्णाने किंवा नातेवाइकांनी आपल्या मनाने वाढवू नये.

जेवताना दम लागतो, म्हणून रुग्ण जेवतच नाही. काय करावे?

थोडे थोडे, मऊ आणि पौष्टिक अन्न दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती घेऊ द्यावी आणि मास्क असेल तर जेवणापुरती नाकाची नळी लावण्याची परवानगी घ्यावी. ताठ बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. श्वासगती फार जलद असेल तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेव्हा भरवण्याचा आग्रह थांबवून डॉक्टरांना कळवावे.

डॉक्टरांना फोन करताना काय सांगावे?

‘पेशंटला बरे वाटत नाही’ एवढे सांगितले, तर पलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. असे सांगावे: ‘खाट चार, सीओपीडी, उद्दिष्ट ८८ ते ९२. दोन तासांपूर्वी श्वास २२ होते, आता ३४ आहेत. २८ टक्के व्हेंचुरीवर ऑक्सिजन ८५. दोन शब्दांच्या पुढे बोलू शकत नाही, गुंगी वाढते आहे. आपण लगेच यावे.’ शेवटचे वाक्य संकोचाने गाळले जाते, म्हणून ते मुद्दाम लिहिले आहे.

शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला ऑक्सिजन देऊनही धाप लागतेच. अशा वेळी परिचारिका काय करू शकते?

बरेच काही. लहान पंखा हातात धरून गाल आणि नाकाजवळ हवेची झुळूक द्यावी. धापेची जाणीव याने खरोखर कमी होते. खिडकी उघडावी, खाटेभोवतीची गर्दी कमी करावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. ओठांचा चंबू करून, आत घेतलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ श्वास सोडायला सांगावे आणि आपणही त्याच्याबरोबर त्याच लयीत श्वास घ्यावा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अल्प मात्रेतील मॉर्फिनची नातेवाइकांना धास्ती वाटते. धाप कमी करणे हाच त्याचा उद्देश असल्याचे त्यांना सांगावे, मात्रा दिल्यावर श्वासगती व जाग तपासावी आणि बद्धकोष्ठाचे औषध सोबत लिहून घ्यावे. रात्री दिवा पूर्ण मालवू नये, घंटी त्याच्या उशीला बांधावी आणि पुढच्या वेळी किती वाजता येणार ते सांगून ठेवावे. तीन वाजता येते असे सांगितले असेल, तर तीनला जावे, रुग्ण झोपलेला असला तरी.